कोणाचे पत्र छापायचे? : एकोणिसाव्या शतकातील मराठी सभा, संपादक आणि वाचक

मराठी नियतकालिकांचा इतिहास आपण एम. ए. च्या वर्गात शिकवतो तो बहुधा सनावळीच्या रूपाने. 'दर्पण' १८३२, 'प्रभाकर' १८४१, 'ज्ञानोदय' १८४२, 'निबंधमाला' १८७४, 'केसरी' १८८१, 'सुधारक' १८८८. विद्यार्थी ही यादी पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. या यादीत संपादकांची नावे असतात, ध्येयधोरणे असतात, सरकारी कायद्यांचा उल्लेखही असतो. नसतो तो वाचक. नियतकालिक ही काही एकट्या संपादकाची कृती नव्हे. तिच्याभोवती वर्गणीदार असतात, पत्रे लिहिणारे असतात, टोपणनावांनी भांडणारे असतात, आणि एक अक्षरही न लिहिता केवळ वाचणारे तर पुष्कळच असतात. या मंडळीतून कोणाला बोलू द्यायचे, कोणाला थांबवायचे, कोणता विषय वर्ज्य मानायचा, हे निर्णय कोणीतरी रोज घेत होते. त्या निर्णयांची टिपणे फारशी राहिली नाहीत, परंतु त्यांचे परिणाम मात्र आपल्या वाङ्मयात जागोजागी उमटलेले आहेत. प्रस्तुत लेखात अशा काही निर्णयांकडे पाहायचे आहे.

आरंभ सभांपासून करणे सोयीचे, कारण मराठीत चर्चेचे नियम प्रथम तेथे घडले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे अध्यक्ष. सभासदांनी निबंध लिहून आणावा, तो सभेत वाचावा, त्यावर इतरांनी बोलावे आणि चांगले निबंध मासिकातून प्रसिद्ध व्हावेत अशी ही पद्धत. 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० पासून निघू लागले. या सगळ्या उद्योगावर एक मर्यादा घातलेली होती : धर्म आणि राजकारण यांवर वाद करायचा नाही. आज ही अट भित्रेपणाची वाटेल. पण त्या काळी हिंदू, पारशी आणि युरोपीय प्राध्यापक एका छपराखाली बसत होते. पाच वर्षांपूर्वीच, १८४३ मध्ये, श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणून जातीत घेण्याच्या प्रकरणाने मुंबई ढवळून निघाली होती आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वजातीयांचा रोष सोसावा लागला होता. अशा स्थितीत ज्वालाग्राही विषय दाराबाहेर ठेवले म्हणूनच आत पदार्थविज्ञान, इतिहास आणि स्त्रीशिक्षण यांवर बोलता आले, हे मान्य करावे लागते.

मात्र दाराबाहेर ठेवलेले विषय नाहीसे होत नाहीत, ते दुसरे दार शोधतात. धर्म आणि जात यांवर बोलण्यासाठी जवळपास त्याच मंडळींपैकी काहींनी १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन केली, आणि ती गुप्त ठेवली. येथेही दादोबा होतेच. उघड सभेत वर्ज्य असलेला विषय त्यांनी बंद खोलीत नेला. या सभेचा सभासद होण्यासाठी केवळ वर्गणी पुरत नसे. जातिभेद मोडल्याची खूण म्हणून निषिद्ध मानलेले अन्न सर्वांसमक्ष ग्रहण करावे लागे. म्हणजे सभासदत्वाची कसोटी कृतीची होती, परंतु ती कृती चार भिंतींच्या आतली. सुमारे अकरा वर्षे हे चालले. मग १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे बाहेर फुटणार अशी भीती पसरली आणि सभा विसर्जित झाली. तिच्यातल्याच काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला, तो उघडपणे, आणि अर्थातच पुष्कळ सौम्य रूपात.

या दोन सभांची जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. एकीने विषय गाळून माणसे राखली. दुसरीने विषय राखला आणि माणसांची नावे लपवली. यापुढची चाळीस वर्षे मराठी सार्वजनिक चर्चा याच दोन उपायांमध्ये घोटाळताना दिसते.

नाव लपवण्याचा उपाय वृत्तपत्रांनीही उचलला, आणि त्यातून मराठी गद्याला एक थोर ग्रंथ मिळाला. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. लेखक गोपाळ हरी देशमुख, वय वर्षे पंचवीस, सरकारी नोकरीत. १८५० पर्यंत ही पत्रे चालली. त्यांची संख्या एकशे आठ झाली आणि 'शतपत्रे' हे नाव रूढ झाले. या पत्रांतील ब्राह्मणवर्गावरील, भिक्षुकशाहीवरील टीका किती तिखट आहे हे आपण जाणतोच. तिचे श्रेय आपण लेखकाला देतो आणि ते योग्यच आहे. पण ही पत्रे दोन वर्षे खंड न पाडता छापत राहणारा माणूस स्वतः ब्राह्मण होता, त्याचे वर्गणीदार बहुतांश त्याच वर्गातले होते आणि साप्ताहिक त्यांच्याच वर्गणीवर चालत होते. 'शतपत्रां'च्या प्रस्तावनांतून भाऊ महाजनांना चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. खरे तर संपादकाने केवळ 'यंदा पुरे' म्हटले असते तरी आपल्या अभ्यासक्रमातून एक पुस्तक कमी झाले असते. न छापण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. छापण्यासाठी मात्र धैर्य लागते, आणि ते दर आठवड्याला लागते.

टोपणनावाची ही सोय दुधारी होती, हेही पाहिले पाहिजे. नावामागे राहून एक तरुण नोकरदार आपल्याच समाजाला खडे बोल सुनावू शकला. तशीच नावामागे राहून दुसऱ्याची बेअब्रूही करता येत होती. त्या काळच्या पत्रव्यवहाराच्या सदरांत 'एक हितेच्छु', 'एक वाचणार' अशा धर्तीच्या सह्या सर्रास आढळतात. पत्र कोणाचे हे वाचकाला कळत नसे. संपादकाला कळत असे, किंवा कळत आहे असे तो मानत असे. या 'मानण्या'ची किंमत १८८२ मध्ये मोजावी लागली.

कोल्हापूर प्रकरण म्हणून ते प्रसिद्ध आहे. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे, त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशी वदंता होती. बर्व्यांना गोवणारी काही पत्रे पुण्यात पत्रकारांच्या हाती आली आणि 'केसरी' व 'मराठा' या दोन्ही पत्रांनी त्यांच्या आधारे लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट मिळून १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते सर्वांना माहीत आहे. या प्रकरणाकडे आपण देशभक्तीची पहिली परीक्षा म्हणून पाहतो. संपादनाच्या इतिहासात मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे : आलेला कागद खरा की खोटा हे ठरवण्याची जबाबदारी ज्याने तो छापला त्याची, पाठवणाऱ्याची नव्हे, हे मराठी पत्रसृष्टीला तुरुंगाच्या दाराशी समजले. याच प्रकरणातील एक तपशील विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगा आहे. टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून उभे राहिले ते रामशेठ बापूशेठ उरवणे. फुले आणि 'केसरी'कार यांच्यात मतांचे अंतर किती होते हे सांगायला नको. जामिनापुरते ते अंतर आड आले नाही.

आता थोडे मागे जाऊन 'निबंधमाले'कडे पाहू. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ ते डिसेंबर १८८१ या काळात मालेचे चौऱ्याऐंशी अंक काढले. ही पत्रव्यवहाराच्या दृष्टीने अत्यंत विलक्षण गोष्ट आहे, कारण येथे लेखक एकच. दुसऱ्याचे लेखन छापण्याचा, नाकारण्याचा, कात्री लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इतरांची मते येतात ती शास्त्रीबुवांच्या उत्तरात अडकून, म्हणजे पिंजऱ्यात. लोकहितवादी आले ते असेच, फुलेही आले ते असेच. मराठी गद्याच्या घडणीत मालेचा वाटा निर्विवाद आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी मराठी नियतकालिक हे ज्यात दुसऱ्या कोणाला बोलायला जागा नाही असे असावे, याचा आपल्या वादविवादाच्या वळणावर काय परिणाम झाला असेल, याचा विचार व्हायला हवा. प्रतिपक्षाला उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत पूर्ण मांडू द्यावे, ही पूर्वपक्षाची जुनी शास्त्रीय शिस्त संस्कृतात मुरलेल्या शास्त्रीबुवांना अपरिचित नव्हती. मालेत ती क्वचितच दिसते.

फुल्यांच्या लेखनावर मालेत जी टीका झाली तिचा बराचसा भर भाषेवर होता. व्याकरणाच्या चुका, अशुद्ध प्रयोग, ग्राम्य शब्द. विचाराला उत्तर देण्याची गरजच पडू नये अशी ही युक्ती आहे. लिहिणाऱ्याला लिहिताच येत नाही असे दाखवले की त्याचे म्हणणे आपोआप सभेबाहेर जाते. विषयाची बंदी दिसते, नावाची बंदी दिसते. शुद्धलेखनाची बंदी दिसत नाही, कारण ती गुणवत्तेचा पोशाख घालून येते.

येथे गोंदियासारख्या ठिकाणी शिकवणाऱ्याला थोडे थांबावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकात आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग होता (स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी). नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला, म्हणजे मुंबई इलाख्याच्या बाहेर. मुंबईहून निघालेला लोहमार्गच मुळी नागपूरला पोचला १८६७ मध्ये, आणि नागपूरच्या पूर्वेला त्यानंतर आणखी काही वर्षांनी. वर सांगितलेल्या सगळ्या चर्चा मुंबई-पुण्याच्या त्रिज्येत घडल्या याचे एक साधे कारण टपाल, छापखाना आणि शाळा हे आहे. दुसरे कारण भाषेचे. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या घरी झाडीबोली असते, पोवारी असते, गोंडी असते, छत्तीसगढीही असते. बाजारात हिंदी चालते. दादोबांच्या १८३६ च्या व्याकरणापासून जी प्रमाण मराठी घडत गेली ती या मुलांपर्यंत पोचते ती पाठ्यपुस्तकाची भाषा म्हणून, आणि बहुतेकांच्या बाबतीत तांबड्या शाईने खूण केलेली भाषा म्हणून. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाची व साहित्याची चळवळ उभी केली, ती या पार्श्वभूमीवर. बोलीला व्यासपीठ मागणे म्हणजे प्रमाणभाषेशी वैर नव्हे, एवढे सांगण्यातच या मंडळींची कितीतरी शक्ती खर्ची पडली.

(ओघात एक आठवण. आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन आहे. आपल्या काळातील जाणत्यांनी उपेक्षा केली तरी समानधर्मा वाचक पुढे केव्हातरी जन्मेल, असा विश्वास 'मालतीमाधवा'च्या आरंभी व्यक्त करणारा कवी आमच्याच मातीतला, याचा येथील शिक्षकांना सुप्त अभिमान असतो. भवभूतीला निदान नाटक लिहून ठेवता आले.)

ज्यांना लिहून ठेवणे दुर्घट होते, त्यांपैकी एकीचे उदाहरण विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाचे आहे. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. प्रथम फाशीची, मग काळ्या पाण्याची आणि शेवटी पाच वर्षांची अशी शिक्षा उतरत आली. वृत्तपत्रांतून, विशेषतः 'पुणेवैभवा'तून, स्त्रियांच्या दुराचाराविषयी मजकूर येऊ लागला. लिहिणारे पुरुष, उत्तर देणारे पुरुष, सुधारणेची बाजू घेणारेही पुरुष. हे सगळे वाचत होती बुलढाण्याची एक मराठा स्त्री, ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंनी संपादकाला पत्र पाठवले नाही. त्यांनी सरळ पुस्तक लिहिले. 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापून निघाले, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक वाचताना मला नेहमी जाणवते की त्याची घडण ग्रंथाची नाही. ती एका दीर्घ, दाबून ठेवलेल्या पत्राची आहे. समोरच्याला थेट संबोधून प्रश्न विचारणे, त्याचेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकणे, मध्येच उपरोधाने हसणे, म्हणींचा मारा करणे, पुन्हा मूळ मुद्द्यावर येणे. वृत्तपत्रातील वाद जसा चालतो तसाच हा वाद चालतो, फरक इतकाच की येथे एकच बाजू सलग बोलते, कारण तिला पुन्हा बोलायला मिळेल याची खात्री नाही. आपण या शैलीला 'जिवंत', 'बोलभाषेतील' अशी विशेषणे लावतो. तिच्यामागे जागेची ही टंचाई आहे, हे मात्र सांगत नाही. वर्षानुवर्षे गप्प असलेला वाचक जेव्हा बोलतो तेव्हा तो एका विषयावर बोलत नाही. विजयालक्ष्मीपासून निघालेल्या ताराबाई पुनर्विवाह, पुराणांतील देवांचे वर्तन, नाटके-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण, इंग्रजी शिकलेल्या पुरुषांचा पोशाख, असे सर्व काही घेऊन येतात. समीक्षकांना हा विस्कळीतपणा वाटला आहे. मला तो हिशेब वाटतो.

स्वागत कसे झाले? वाईट. आणि केवळ सनातन्यांकडून नव्हे. सत्यशोधक वर्तुळातील कृष्णराव भालेकर व नारायण मेघाजी लोखंडे यांनाही हे पुस्तक रुचले नाही. फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी 'सत्सार' नावाच्या पुस्तिकेचे दोन अंक काढले, त्यांपैकी दुसऱ्यात त्यांनी ताराबाईंचा आपुलकीने उल्लेख करून आपल्याच सहकाऱ्यांची कानउघाडणी केली. परंतु ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. आपले पुस्तकही विस्मरणात गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. त्र्याण्णव वर्षे. या काळात ना सरकारने पुस्तकावर बंदी घातली होती, ना कोणी ते जाळले होते.

लोखंड्यांचे नाव येथे आले आहे तर दुसरा प्रसंगही सांगायला हवा, कारण मला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत अवघड प्रसंग वाटतो. 'दीनबंधु' हे भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईहून चालवीत होते. बहुजन समाजाचे म्हणता येईल असे हे पहिलेच वृत्तपत्र. लोखंडे हे पुढे गिरणी कामगारांचे पुढारी झाले, रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून त्यांची कीर्ती आहे आणि ती सार्थ आहे. १८८३ मध्ये फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पाच प्रकरणे. त्यांतील पहिली दोन 'दीनबंधू'ने छापली आणि पुढचा मजकूर छापणे थांबवले. सरकारवरील टीका झेपणारी नव्हती. फुले संतापले आणि तो संताप त्यांनी लपवला नाही.

यात कोण चूक, असा प्रश्न वर्गात हटकून विचारला जातो, आणि मुले सहसा फुल्यांच्या बाजूने निकाल देऊन मोकळी होतात. पण लोखंड्यांच्या खुर्चीत बसून पाहा. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा लिटनने आणला होता. त्याखाली छापखानेवाल्याकडून जामीन घेता येत असे आणि यंत्र जप्त करता येत असे. तो रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला, त्याला फार काळ लोटला नव्हता. कोल्हापूर प्रकरणात पुण्याच्या दोन उच्चशिक्षित, प्रतिष्ठित संपादकांना तुरुंग पाहावा लागला, तो आदल्याच वर्षी. 'दीनबंधू'ला ना श्रीमंत आश्रयदाते होते, ना वकिलांची फौज. पत्र बंद पडले असते तर शूद्रातिशूद्रांचे एकमेव व्यासपीठ गेले असते. एका लेखासाठी पत्र गमवायचे, की पत्रासाठी लेख? लोखंड्यांनी दुसरा पर्याय निवडला. तो भ्याडपणा नव्हता, असे माझे मत आहे. आणि तरीही 'असूडा'ची पूर्ण संहिता सर्वसामान्य वाचकापर्यंत छापील रूपात यायला पुढे कित्येक दशके जावी लागली, ही वस्तुस्थिती त्या निर्णयाच्या खात्यावर जमा आहे. संपादकाची सद्भावना सिद्ध झाली म्हणून वाचकाचे नुकसान भरून निघत नाही.

फुल्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. छापखाना नाही तर नाही, त्यांनी 'असूड' माणसांना वाचून दाखवला. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी त्याची वाचने झाली, बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. ज्या श्रोत्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत तो असा पोचला. छापील 'दीनबंधू'ने तो त्यांच्यापर्यंत नेला असता का, ही शंकाच आहे. 'असूडा'तील लांबच लांब वाक्ये, वाक्यागणिक साचत जाणारा तपशील, मध्येच येणारी गाऱ्हाण्याची चाल, यांची संगती कानाने लावली की लागते. संपादकाच्या नकाराने एका ग्रंथाला मौखिक आयुष्य दिले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नकाराचे उदात्तीकरण करणेही बरे नाही.

ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारण्याचा प्रसंग याच काळातला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा मे १८७८ मध्ये पुण्यात भरली, दुसरी मे १८८५ मध्ये. आजच्या साहित्य संमेलनांची गणना या सभांपासूनच केली जाते. दुसऱ्या सभेसाठी फुल्यांना बोलावणे गेले. त्यांनी उत्तर लिहिले ते 'ज्ञानोदया'त जून १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या वागण्यात माणसाचे मूळ हक्क मान्य नाहीत अशांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. हे पत्र आपण विद्रोही साहित्याच्या उगमाशी ठेवतो. त्यात सभेच्या घटनेविषयीही एक प्रश्न आहे. रानड्यांची भूमिका निश्चितच उदार होती. त्यांनी बोलावले होते, वगळले नव्हते. फुल्यांचा आक्षेप वगळण्याला नव्हताच, तो समावेशाच्या अटींना होता. सभेचे नियम, विषय, अध्यक्ष, भाषा सगळे आधीच ठरले आहे आणि आता तुम्हीही या, या निमंत्रणाला त्यांनी नकार दिला. हे पत्र मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'ने छापले, ही गोष्टही बोलकी आहे.

रानडे स्वतः मात्र लवकरच दुसऱ्या प्रकारच्या सभेपुढे उभे राहिले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती स्वीकारली, कोणी बाजूला ठेवली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणेवैभवा'त छापून आणली. तेच 'पुणेवैभव', ज्याच्या मजकुराने ताराबाईंनी लेखणी उचलली होती. पुढे ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. अनुयायांना ते आवडले नाही. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. गोपाळराव जोशी हे डॉ. आनंदीबाईंचे पती, स्वभावाने कळलावे. त्यांना सनातन्यांचा कैवार होता असे नाही, सुधारकांचे पितळ उघडे पाडण्याची हौस होती. परंतु त्यांनी जे केले ते तंत्र म्हणून अचूक होते. परमहंस सभेला जी भीती नुसत्या कागदाच्या चोरीने घातली तीच येथे छापील यादीने खरी केली. बहिष्कार हा जुनाच होता. त्याला वृत्तपत्राचा वेग मिळाला, हे नवे.

बोलण्याचे नियम मोडले म्हणून नव्हे, तर कोणाच्या घरी काय प्यायले म्हणून शिक्षा करणारी ही सभा. तिच्यापुढे रानड्यांसारखा माणूस का नमला, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सहकाऱ्यांना घरच्या मंडळींकडून जो जाच सुरू झाला होता तो थांबावा, हा त्यांचा हेतू होता असे दिसते. आगरकर असते तर नमले नसते, असे आपण म्हणतो. पण आगरकरांनी 'केसरी' सोडला १८८७ मध्ये आणि स्वतःचे 'सुधारक' काढले १८८८ मध्ये. त्यांच्यापाशी दुसरे पत्र काढण्याचे सामर्थ्य होते. त्यांचीही जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, हे खरेच. मतभेद झाला तर आपले निराळे पत्र काढायचे, हा मार्ग पुढे मराठीत इतका रूढ झाला की एकाच पत्रात दोन मते शेजारी छापण्याची सवय फारशी लागलीच नाही.

या काळातील नियतकालिकांच्या फायली आज जेथे शिल्लक आहेत तेथे त्या विद्यार्थ्यांनी जरूर चाळाव्यात, आणि अग्रलेख सोडून मागच्या पानांकडे जावे. पत्रप्रेषकांना दिलेल्या एक-दोन ओळींच्या सूचना, कोणाच्या पत्राला जागा नाही हे सांगणारी वाक्ये, वर्गणी थकल्याच्या तक्रारी, अशा मजकुरावर अद्याप कोणी नीट काम केलेले माझ्या पाहण्यात नाही. कोठल्या गावाहून पत्रे येत, कोणत्या जातीची आडनावे दिसतात, स्त्रीची सही केव्हा प्रथम येते, ती खरी स्त्री की स्त्रीचे नाव घेतलेला पुरुष, हे प्रबंधाचे विषय आहेत. भंडारा, बालाघाट, रायपूर या बाजूच्या मराठी वाचकाचा माग काढायचा तर नागपूरच्या जुन्या पत्रांपासून सुरुवात करावी लागेल. न छापलेली पत्रे मात्र मिळणार नाहीत. संपादकांनी ती जपून ठेवली नाहीत, आणि ती लिहिणाऱ्यांपाशी नक्कल ठेवण्याइतका कागद असेलच असे नाही. ताराबाईंचे पुस्तक टिकले, कारण त्यांनी ते पत्र म्हणून कोणाकडे पाठवले नाही.